किकीच्या बेकरीचे आइसिंगवाले बन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काळ्या मांजराच्या तोंडाचे हे बन मी घरी बरीच वर्षं करते. ज्यांना खायला दिले त्यांनी रेसिपी मागितली, ज्यांना रेसिपी दिली त्यांचे प्रश्न आले, आणि प्रश्न जवळपास ठरलेलेच. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. घाईत असाल तर थेट प्रमाणावर जा. पण आइसिंग कधी ओतायचं, हे उत्तर मात्र वगळू नका.

हे नेमके कुठल्या सिनेमातले बन? पडद्यावर दिसतात का?

हायाओ मियाझाकींचा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ हा ॲनिमेशनपट, जपानमध्ये १९८९च्या जुलैमध्ये आलेला. तेरा वर्षांची चेटकीण किकी आणि तिचा काळा बोका जिजी घर सोडून समुद्राकाठच्या एका शहरात येतात आणि ओसोनो नावाच्या बेकरीवालीकडे राहतात. वर पिठाच्या धुळीने भरलेली खोली आणि त्या बदल्यात दुकानात मदत.

हे असे आइसिंगचे मांजर-बन सिनेमात कुठेही नाहीत, आधीच सांगून टाकते. फळीवर पाव आहेत, हेरिंग मासा आणि लाल भोपळा घालून भाजलेला ‘पाय’ (pie) आहे, शेवटाकडे किकीचं नाव लिहिलेला चॉकलेट केक आहे. माझं सगळ्यात आवडतं मात्र वेगळंच. ओसोनोचा नवरा सिनेमाभर जवळपास बोलतच नाही, आणि हा अबोल माणूस किकीच्या कामाची पाटी चक्क पावाची भाजतो: कडं पावाचं आणि मधे झाडूवर बसलेली किकी. आपले बन त्या पाटीच्या नात्यातले म्हणा.

दुकानाचं ते अवघड नाव काय आहे?

गूचोकीपान-या. जपानी मुलं दगड-कात्री-कागद खेळताना ‘गू, चोकी, पा’ म्हणतात आणि पावाच्या दुकानाला ‘पान-या’ म्हणतात. ‘पा’वर दोन्ही शब्द जोडले की झालं दुकान. जपानच्या आइची प्रांतात, हा सिनेमा काढणाऱ्या घिबली स्टुडिओच्या नावाच्या घिबली पार्कमध्ये २०२४च्या मार्चमध्ये चेटकिणींचा विभाग उघडला, तिथे हे दुकान खरंखुरं उभारलं आहे आणि तिथे पाव विकत मिळतो.

हा ‘पान’ शब्द पोर्तुगीजांच्या ‘पाँव’वरून आला. आपला ‘पाव’सुद्धा त्याच शब्दावरून आला. गोव्यात उतरलेली गलबतं पुढे नागासाकीला गेली आणि दोन्हीकडे एकच शब्द ठेवून आली. त्यामुळे जपानी सिनेमातली बेकरी आपल्या स्वयंपाकघरात आणताना मला परकं असं काही वाटत नाही.

कणकेत वेलची कशाला? ही तुमची मराठी भर का?

नाही हो. सिनेमातलं कोरिको शहर रंगवताना चित्रकारांनी स्टॉकहोम आणि गोटलँड बेटावरचं व्हिस्बी डोळ्यांसमोर ठेवलं होतं. आणि स्वीडनच्या गोड बनमध्ये वेलची असतेच. दालचिनीचा बन तिथे इतका लाडका की १९९९पासून ४ ऑक्टोबर हा त्याचा दिवस म्हणून पाळतात. त्या दालचिनीच्या बनच्याही कणकेत बहुतेक वेळा वेलची असते, आणि निव्वळ वेलचीचा बन वेगळा मिळतो.

त्यांची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. आपण वेलचीची वस्त्रगाळ पूड करतो. ते दाणे जाडसर कुटतात. बन खाताना मधेच एखादा कण दाताखाली येतो आणि तोंडभर वास सुटतो. श्रीखंडासाठी केलेली जुनी पूड यात घालू नका. खलबत्ता काढा.

बारा बनचं प्रमाण सांगा.

उकडीसाठी: मैदा २५ ग्रॅम, दूध १२५ ग्रॅम.

कणकेसाठी: मैदा ३७५ ग्रॅम, कोमट दूध १०० ग्रॅम, साखर ६० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ६ ग्रॅम (दोन लहान चमचे), मीठ ६ ग्रॅम (एक लहान चमचा), एक अंडं, मऊ लोणी ५० ग्रॅम, दहा-बारा वेलच्यांचे दाणे.

लोणी खारं असेल तर मीठ निम्मं. कृपा करून वजनकाटा वापरा. वाटी कोणाच्या घरची, यावर बन अवलंबून ठेवू नये.

उकड? मोदकाची असते तशी?

कल्पना तीच, फक्त इथे तांदळाच्या पिठाऐवजी मैदा. २५ ग्रॅम मैदा थंड दुधात गुठळ्या न होता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. पीठ साधारण ६५ अंशांना पोहोचलं की त्यातला स्टार्च फुगून पाणी धरून ठेवतो. थर्मामीटर नसेल तर पातेल्याच्या तळावर चमच्याने रेघ ओढा. रेघ क्षणभर तशीच राहिली की झालं, लगेच उतरवा. लाह्या भाजून होतील इतका वेळ ठेवायचं काम नाही, दोन-तीन मिनिटांत होतं.

जपानी बेकऱ्यांमधला तो कापसासारखा पाव बराचसा या युक्तीचा असतो. तिथे मैद्यावर उकळतं पाणी ओततात आणि त्याला ‘युदाने’ म्हणतात. पातेल्यात शिजवायच्या पद्धतीचं चिनी नाव ‘तांगझोंग’. उकडीत अडकलेलं पाणी भट्टीतही सहज सुटत नाही, म्हणून बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. उकडीच्या मोदकांवर हात बसलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. माझ्या आत्याने पातेल्यात डोकावून फक्त “पातळ झालीय, अजून एक मिनिट” एवढंच सांगितलं होतं, आणि तिचं बरोबर होतं.

कणकेत घालण्याआधी उकड कोमट होऊ द्या. कढत उकडीत यीस्ट मरतं.

मैद्याऐवजी गव्हाचं पीठ चालेल?

चालेल, पण अर्ध्यापर्यंतच. त्यातला कोंडा ग्लुटेनची जाळी फाडतो, म्हणून बन कमी फुगतो. अर्धं गव्हाचं घेतलंत तर दूध २०-२५ ग्रॅम वाढवा. पूर्ण गव्हाचे करून “मांजर दगडासारखं झालं” अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी चहा देते, सहानुभूती देत नाही.

यीस्ट शाकाहारी असतं का? आणि डब्यातलं जुनं यीस्ट चालेल का?

यीस्ट ही बुरशीच्या कुळातली एक पेशी, त्यात प्राणिज काही नाही. काही जैन घरांत आंबवलेलं म्हणून वर्ज्य असतं, तो त्यांच्या नियमाचा भाग.

जुन्याची परीक्षा सोपी. कोमट दुधात (बोट घातलं तर ना गार लागावं ना गरम) चिमूटभर साखर आणि यीस्ट टाकून दहा मिनिटं झाका. वर फेस आला तर वापरा, नाही तर टाकून द्या. अर्धवट फेसावर आशा धरू नये. पाकीट उघडल्यावर हवाबंद बरणीत, फ्रीजरमध्ये ठेवा. बेकरीतून ओलं यीस्ट आणलंत तर तिप्पट, म्हणजे १८ ग्रॅम.

अंड्याशिवाय होतील?

अंड्याच्या जागी ५० ग्रॅम दूध आणि एक मोठा चमचा दूधपावडर. रंग थोडा फिका येतो, पण वर आइसिंग असल्याने कळत नाही. मी स्वतः आता जास्त वेळा असेच करते. एकाच पंगतीला दोन प्रकारचे बन ठेवून “हा कुठला, तो कुठला” करण्यापेक्षा ते बरं.

पीठ हाताला फार चिकटतं. मैदा घालू का?

नका घालू! सगळ्यात जास्त बन इथे बिघडतात. पीठ चिकटतं, आपण मूठभर मैदा टाकतो, पुन्हा चिकटतं, पुन्हा मूठभर, आणि शेवटी कणीक चपातीची होऊन बसते.

लोणी सोडून बाकी सगळं परातीत एकत्र करा, नुसतं कालवा आणि वीस मिनिटं झाकून ठेवा. त्या वेळात मैदा पाणी पितो आणि अर्धी चिकचिक आपोआप जाते. मग मळायला घ्या. हाताच्या तळव्याने पुढे रेटायचं, बोटांनी मागे ओढून दुमडायचं. सात-आठ मिनिटांनी लोणी थोडं थोडं घाला. आता पीठ सगळं सुटून परातभर घसरेल आणि तुम्हाला वाटेल, बिघडलं. बिघडलेलं नसतं. आणखी सात-आठ मिनिटं रेटत राहा, ते परत एक होतं.

कुठवर मळायचं? पुरणपोळीची तेलात तिंबलेली कणीक आठवा, ती बोटांवर ओढली की लांब येते, तुटत नाही. इथेही लिंबाएवढा गोळा घेऊन दोन्ही हातांनी ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला की थांबा. हवामान आणि मैदा यांवर दूध थोडं कमी-जास्त लागतं, म्हणून शेवटचं २० ग्रॅम दूध हातचं राखून ठेवायचं, हेही लक्षात असू द्या.

किती वेळ फुगवायचं?

घड्याळ लावून बसू नका. मे महिन्यात मुंबईत पाऊण तासात पीठ दुप्पट होतं, डिसेंबरात नाशिकला दोन तास लागले तरी नवल नाही. पिठात बुडवलेलं बोट कणकेत खुपसा. खळगा तसाच राहिला किंवा अगदी सावकाश भरला तर तयार. लगेच उसळून वर आला तर थांबा. आजूबाजूचं पीठच खाली बसलं तर उशीर झाला.

थंडीत बंद ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून त्याशेजारी पीठ ठेवावं.

मग हवा काढून साधारण ६५ ग्रॅमचे बारा गोळे करा. बटाटेवड्यासारखे नुसते गोल करून चालत नाही. गोळा ओट्यावर ठेवून, हाताची वाटी करून गोल फिरवा, म्हणजे वरची त्वचा ताणली जाते आणि बन पसरण्याऐवजी वर फुगतो. ट्रेमध्ये दोन बोटं अंतर ठेवा, ओलसर सुती फडका टाका, पुन्हा ३०-४० मिनिटं.

ओव्हनचं तापमान? आणि ओव्हन नसेल तर?

ओटीजी १८० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा, दोन्ही कांड्या चालू, ट्रे मधल्या फळीवर, १६ ते १८ मिनिटं. लहान ओटीजीत मागची बाजू जास्त तापते, म्हणून दहाव्या मिनिटाला ट्रे फिरवा. वरून लवकर रंगले तर फॉइल आडवी टाका.

ओव्हन नसेल तर कुकर: तळाला मीठ, त्यावर स्टँड, शिटी आणि रिंग दोन्ही काढलेली. दहा मिनिटं तापवून मंद आचेवर २५-३० मिनिटं. वरचा भाग पांढरट राहतो. राहू दे, मांजर तर काळंच असणार आहे.

आइसिंग केव्हा ओतायचं?

बन पूर्ण गार झाल्यावर. “जवळजवळ गार” चालत नाही.

भाचीच्या वाढदिवसाला मी घाई केली होती. पाहुणे दारात, बन वरून हाताला गार लागत होते, म्हणून मी काळं आइसिंग ओतलं, डोळे काढले, कान लावले, आणि ताट बाहेर नेलं. बनच्या पोटात अजून वाफ होती. ती वर आली, आइसिंगच्या खालची साखर विरघळली आणि बाराही मांजरांची तोंडं हनुवटीकडे निघाली. पाच मिनिटांत कान ताटात आणि डोळे गळ्यात. एका चिमुरड्याने शांतपणे विचारलं, “यांना झोप आलीय का?” सगळे बन संपले, पण फोटो एकही दाखवण्यासारखा नाही.

तेव्हापासून जाळीवर निदान एक तास. मग एक बन उचलून त्याचा तळ गालाला लावते. वरचा भाग फसवतो, तळ कधी फसवत नाही.

घरची पिठीसाखर चालेल का?

लाडवांची पिठीसाखर आइसिंगला कचकचते. २०० ग्रॅम साखर आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून फिरवा आणि मलमलीतून गाळा, मग चालते. बाजारच्या आयसिंग शुगरमध्येही थोडा स्टार्च असतोच, तिला गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

आइसिंग काळंभोर कसं करायचं? माझं राखाडी होतं.

पांढऱ्या आइसिंगमध्ये काळा रंग टाकला की राखाडीच होणार. मग बाटली रिकामी केली की चव कडू आणि सगळ्यांच्या जिभा काळ्या. सुरुवात तपकिरीपासून करा.

१० ग्रॅम लोणी आणि ३५ ग्रॅम दूध गरम करून त्यात २५ ग्रॅम कोको कालवा. गरम दुधात कोकोचा रंग आणि वास दोन्ही खुलतात. त्यात १५० ग्रॅम आयसिंग शुगर चाळून घाला. हे झालं गडद चॉकलेटी. आता काळा जेल रंग, अगदी पाव लहान चमचा. पातळ पाण्यासारखा रंग नको, त्याने आइसिंग सैल होतं. पाहताना अजूनही तपकिरीच वाटेल, तरी हात आवरा. झाकून दोन-तीन तास ठेवा, रंग मुरतो आणि आपोआप गडद होतो.

दाटपणा श्रीखंडाहून सैल आणि इडलीच्या पिठाहून घट्ट हवा. चमच्यातून पडलेली धार वर दिसावी आणि दहा मोजेपर्यंत मिसळून जावी. घट्ट झालं तर दूध थेंबाथेंबाने, चमच्याने नाही. बन उलटा धरून डोकं बुडवायचं, जरासं फिरवायचं, उचलून थेंब गळू द्यायचे आणि चटकन सरळ करायचं.

कोळशाच्या पावडरचा काळा रंगही मिळतो. मी वापरत नाही, कारण तसला कोळसा पोटात औषधंही शोषून घेतो आणि खाणाऱ्यांत गोळ्या चालू असलेलं कुणी ना कुणी असतंच.

डोळे आणि कान?

कानांना सोललेल्या बदामाचे अर्धे तुकडे, वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून. आइसिंग ओलं असताना खोचा. डोळ्यांना मात्र उलट: काळा थर हाताला चिकटेनासा झाल्यावरच पांढरं काढा, नाही तर रंग एकमेकांत उतरतात. ५० ग्रॅम आयसिंग शुगरला दीड लहान चमचा दूध पुरतं. बटर पेपरचा कोन करून टोक बारीक कापा. मेंदीचा कोन धरता येणाऱ्या हाताला हे जमतंच, किंबहुना नोझल वापरणाऱ्यांपेक्षा बरं जमतं. जिजीचे डोळे मोठे असतात, कंजूषपणा करू नका. बुबुळाला टूथपिकच्या टोकाने काळा ठिपका.

किकीची लाल फीतही काढावी म्हणतात पुष्कळजणी. ती किकीच्या डोक्यावर असते, मांजराच्या नव्हे. पण वाढदिवस लहान मुलीचा असेल तर मी वाद घालत नाही.

पावसाळ्यात आइसिंग सुकतच नाही, काय करू?

साखर हवेतलं पाणी ओढते, कोकणातल्या आणि मुंबईतल्या जुलैला ती तरी काय करणार. आइसिंग थोडं घट्ट ठेवा, थर पातळ द्या आणि ट्रे पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये ठेवून सुकवू नका. बाहेर काढल्या काढल्या त्यावर दव धरतं आणि डोळ्यांतून धारा लागतात.

आत पुरण भरता येईल?

येईल, आणि जपानी परंपरेला धरूनच होईल. टोकियोच्या किमुराया बेकरीने १८७४मध्ये लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड सारण भरून बन काढले, त्यांना ‘आनपान’ म्हणतात. पुढच्याच वर्षी ते सम्राट मेइजींना दिले गेले. आपल्या पुरणाची ती जवळचीच बहीण.

पुरण मात्र कोरडं हवं. पोळीसाठी ठेवतो त्याहून थोडं जास्त आटवा, चमचा उभा राहून हलता कामा नये. एका बनला २५ ग्रॅम, आणि बंद केलेली बाजू खाली. पुरण भरलंत तर आइसिंग निम्मं करा, नाही तर दोन्ही मिळून गोडाचा अतिरेक होतो.

मुलांना कुठलं काम द्यावं?

वेलची कुटणं, गोळे वजन करणं, डोळे काढणं. उकड आणि ओव्हन आपल्याकडे. त्यांनी काढलेले डोळे दुरुस्त करायला जाऊ नका. एक डोळा वर, एक खाली असलेला जिजी मी पाहिला आहे, आणि तोच आधी उचलला गेला.

टिकतात किती? उरले तर?

डब्यात, बाहेर, दोन दिवस. फ्रीजमध्ये पाव उलट लवकर शिळा होतो, कारण त्या गारव्यात स्टार्च पुन्हा कडक होतो. आधीपासून करून ठेवायचे असतील तर आइसिंग न लावता, गार झाल्यावर पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये महिनाभर ठेवा आणि आदल्या रात्री बाहेर काढा.

तिसऱ्या दिवशी उरलेच, तर आइसिंगचा थर सुरीने उचलून मुलांना द्या, बन आडवा कापा आणि कापलेली बाजू लोणी लावून तव्यावर खरपूस करा. वेलचीचा वास पुन्हा जागा होतो. चहा आधी टाकून ठेवा.